ग्रुप थेरपी आणि आपली नाती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गटात यायचं की नाही हे ठरवण्याआधी प्रत्येकाशी माझी एक स्वतंत्र भेट होते. त्या भेटीत लोक जे विचारतात, तेच इथे उतरवलं आहे. काही प्रश्न बसल्या बसल्या विचारले जातात, काही निघताना दारात उभं राहून. दारातल्या प्रश्नांना मी जास्त जागा दिली आहे, कारण बहुतेक वेळा मनात तेच घोळत असतात.

ग्रुप थेरपी म्हणजे सगळे गोल करून बसतात आणि आपापलं दुःख सांगतात, तेच ना?

दुःख सांगितलं जातं, पण काम तेवढ्यावर थांबत नाही. साधारण सहा ते दहा जण आणि एक किंवा दोन प्रशिक्षित थेरपिस्ट आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, दीडेक तास भेटतात. गटांचे प्रकार बरेच आहेत. काही गटांत रागावर ताबा कसा ठेवायचा, चिंतेला कसं तोंड द्यायचं अशी कौशल्यं शिकवतात, घरी करायला अभ्यासही देतात. काही गट एकाच प्रकारच्या अडचणीतून जाणाऱ्यांचे असतात: व्यसन, दीर्घ आजार, जवळच्या माणसाचा मृत्यू. आणि काही गटांत विषयच ठरलेला नसतो. जमलेली माणसं एकमेकांशी कशी बोलतात, कशी वागतात, त्यातून प्रत्येकाला काय वाटतं, हाच तिथला विषय. नात्यांवर काम करायचं असेल तर हा शेवटचा प्रकार सर्वांत उपयोगी पडतो. म्हणून पुढची उत्तरं मुख्यतः त्याच्याबद्दल आहेत.

या पद्धतीची सुरुवात मानसोपचारातून झालीच नाही. १९०५ मध्ये बोस्टनमधले डॉक्टर जोसेफ प्रॅट क्षयाच्या गरीब रुग्णांना दर आठवड्याला एकत्र बसवू लागले. विश्रांती, मोकळी हवा, स्वच्छता यांचे नियम एकेकट्याला समजावण्यापेक्षा सगळ्यांना एकदम समजावणं सोयीचं, एवढाच हेतू. पण लवकरच दिसलं की रुग्णांना डॉक्टरांच्या व्याख्यानाइतकाच धीर एकमेकांच्या संगतीने येतो.

माझी नाती घरात आहेत, कामाच्या ठिकाणी आहेत. अनोळखी लोकांत बसून ती कशी सुधारतील?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो, आणि तो रास्त आहे.

माणूस आपल्या वागण्याच्या सवयी दाराबाहेर काढून ठेवत नाही. पहिले दोन-तीन आठवडे सगळे जपून असतात. मग हळूहळू प्रत्येक जण घरी जसा वागतो तसाच गटातही वागू लागतो. घरी सगळ्यांचं करत राहणारी बाई गटातही सगळ्यांची विचारपूस करते आणि स्वतःबद्दल अवाक्षर काढत नाही. आपल्याला कुणी मोजत नाही असं मानणारा माणूस इतक्या हळू आवाजात बोलतो की त्याचं बोलणं खरंच कुणाच्या कानावर पडत नाही. मदत हवी असूनही मागायची नाही, ताकाला जाऊन भांडं लपवायचं, ही सवय असलेला इथेही आडवळणाने बोलतो आणि कुणाला कळलं नाही की रुसतो. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ अर्विन यालोम यांनी गटाला सदस्याच्या जगाचं छोटं रूप म्हटलं, ते याच अर्थाने. त्यांच्याही आधी मानसोपचारतज्ज्ञ हॅरी स्टॅक सलिव्हन यांनी असं मांडलं होतं की माणसाचा स्वभाव माणसांच्या सहवासात घडतो. तो बदलायचा असेल तर तेही सहवासातच घडावं लागतं.

मग घर आणि गट यांत फरक काय? घरच्यांचं आयुष्य तुमच्याशी बांधलेलं असतं, म्हणून ते खरं बोलायला कचरतात. बोललेच तर रागाच्या भरात, तेही दहा वर्षांचा हिशोब एकदम काढून. कामाच्या ठिकाणी लोक तोंडावर गोड बोलतात आणि मनात अढी धरतात. मित्र हळूच फोन करणं थांबवतात. आपलं काय चुकलं ते कुणी सांगतच नाही. गटातल्या माणसांचं पोट किंवा संसार तुमच्यावर अवलंबून नसतो, म्हणून ती सांगू शकतात. आणि सांगून झाल्यावर पुढच्या आठवड्यात पुन्हा तुमच्यासमोर येऊन बसतात. मला हे दुसरं जास्त मोलाचं वाटतं.

एकट्याने थेरपी घेताना थेरपिस्टला फक्त तुमची बाजू ऐकू येते. 'मी तर शांतपणेच सांगतो' असं तुम्ही म्हणालात तर त्यावर विश्वास ठेवावा लागतो. गटात सात जण ते 'शांतपणे' स्वतःच्या कानांनी ऐकतात.

खोलीत नेमकं काय घडतं, एखादा प्रसंग सांगाल का?

हा प्रसंग मी बऱ्याच गटांतले तुकडे जुळवून रचला आहे, कुणा एकाचा नाही.

गटात एक मध्यमवयीन बाई आहेत, अतिशय मायाळू. एक तरुण पहिल्यांदाच वडिलांबद्दल बोलू लागतो आणि त्याचा आवाज भरून येतो. त्याचं वाक्य पुरं होण्याआधीच बाई टिश्यूचा डबा त्याच्याकडे सरकवतात आणि म्हणतात, "होईल रे सगळं नीट." तो गप्प होतो. डोळे पुसतो, 'हो' म्हणतो आणि पाठ टेकून बसतो.

थेरपिस्ट त्याला विचारते, "आत्ता काय झालं?" तो बराच वेळ घेतो. मग म्हणतो, "मला वाटलं, आता पुरे कर, असं सांगितलं मला."

बाई हादरतात. "अरे, तुला बरं वाटावं म्हणून केलं मी!" तेव्हा पलीकडून दुसरी एक जण म्हणते, "तुमची माया मला कळते. पण मी रडायला लागले की ते तुम्हालाच सोसत नाही असं वाटतं, म्हणून मग मीच आवरतं घेते."

बाईंचा हात अजून त्या डब्यावरच असतो. त्या डब्याकडे बघत म्हणतात, "माझी मुलगी मला काहीच सांगत नाही."

त्या दिवशी याहून जास्त काही घडलं नाही. पण दोन आठवड्यांनी तोच तरुण पुन्हा वडिलांबद्दल बोलायला लागला, तेव्हा बाई दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घट्ट अडकवून बसल्या होत्या. डब्याला त्यांनी हात लावला नाही. तो शेवटपर्यंत बोलला.

'समोरच्याचं नीट ऐकून घ्यावं' हे त्या बाईंना कुणी शिकवायची गरज नव्हती. ते त्यांना माहीत होतं, इतरांना त्या तसा सल्लाही देत होत्या. आपण ऐकत नाही हे मात्र त्यांना दिसलं नव्हतं, आणि ते दिसायला समोर एक खरा माणूस लागला.

पण मागच्या गोष्टी उकरायच्या सोडून खोलीतल्या गोष्टींवर इतका भर कशाला?

भूतकाळ बाद नसतो. वडिलांबद्दल बोलणं झालंच की. पण जुनी गोष्ट सांगताना आपण ती शंभरदा सांगितलेल्या पद्धतीनेच सांगतो. आत्ता घडलेलं मात्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं, त्यात सारवासारव करायला वाव कमी.

याची ताकद एका योगायोगाने लक्षात आली. १९४६ च्या उन्हाळ्यात मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन आणि त्यांचे सहकारी अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात एक कार्यशाळा घेत होते. दिवसभर सहभागी लोक गटांत चर्चा करायचे, आणि रात्री निरीक्षक आपसात बोलायचे की कोण कसं वागलं. काही सहभागींनी त्या रात्रीच्या बैठकीला बसू देण्याची विनंती केली. तिथे आपल्याबद्दलचं वर्णन ऐकून एकीने 'असं मुळीच झालं नाही' म्हणून हरकत घेतली, आणि त्यावरून जी चर्चा पेटली ती दिवसभराच्या कार्यक्रमापेक्षा जास्त शिकवून गेली. पुढच्या रात्रींना गर्दी वाढली. दुसऱ्या वर्षी मेन राज्यातल्या बेथेल इथे याच धर्तीवर नियमित शिबिरं सुरू झाली. ती थेरपी नव्हती, पण 'इथे आणि आत्ता' काय चाललंय ते बघण्याची रीत पुढे थेरपीच्या गटांतही रुजली.

मला चारचौघांत बोलायला जमत नाही. पोटात गोळा येतो.

मग हे वाक्यच पहिल्या दिवशी म्हणा. "मला इथे भीती वाटतेय" एवढं बोललात तरी पुरे. माझ्या अनुभवात त्यानंतर निदान दोघं तरी 'मलाही' म्हणतातच.

गप्प राहण्याची मुभा असते. कधीतरी कुणी विचारेल, "तुम्ही काही बोलला नाहीत, तुमच्या मनात काय चाललंय याची मला उत्सुकता आहे." ही उलटतपासणी नसते. तुमची दखल घेतली जात असते. बुजऱ्या माणसांना याची सवय नसते, म्हणून सुरुवातीला ते बोचतं.

आणि आपल्याच मनात काहीतरी भयंकर आहे असं वाटत असेल तर हे ऐका. यालोम यांनी काही गटांतल्या सदस्यांना निनावी चिठ्ठीवर स्वतःचं असं गुपित लिहायला सांगितलं, जे गटात सांगायची इच्छाच होणार नाही. सर्वांत जास्त वेळा आलेलं गुपित होतं, 'मी मुळातच कमी पडणारा माणूस आहे, लोकांना मी खरा कसा आहे ते कळलं तर संपलं.' त्याच्या खालोखाल, 'मला कुणाबद्दल खरं प्रेम वाटतच नाही, मी सगळ्यांपासून तुटलेला आहे.' घरोघरी मातीच्या चुली म्हणतो ना आपण, त्या मनातही असतात.

दुसऱ्यांची रडगाणी ऐकून मी आणखी खचणार नाही का?

काही सत्रं जड जातात, ते मान्य. पण स्वतःला निरुपयोगी समजणाऱ्या माणसाला दुसरा म्हणतो, "तुमच्या त्या बोलण्याचा मला आठवडाभर आधार वाटला," तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते मला कुठल्याही तंत्राने आणता आलेलं नाही. एकट्याच्या थेरपीत माणूस फक्त घेत असतो. इथे त्याच्याकडून कुणाला तरी काही मिळतं.

एकट्याने घेतलेली थेरपी जास्त परिणामकारक नसते का? गट म्हणजे स्वस्तातला पर्याय वाटतो.

मानसशास्त्रज्ञ गॅरी बर्लिंगेम आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये पंचवीस वर्षांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. उपचार तोच, सारख्या अडचणींची माणसं आणि तेवढाच कालावधी अशी तुलना केली, तर गटातला आणि एकट्याने घेतलेला उपचार यांच्या परिणामात फरक आढळला नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०१८ मध्ये ग्रुप थेरपीला स्वतंत्र विशेष शाखा म्हणून मान्यताही दिली. तेव्हा हा दुय्यम पर्याय आहे ही समजूत सोडून द्या. ताज्या आघातातून जात असाल, किंवा एखादी गोष्ट आजवर कुणालाच सांगितली नसेल, तर आधी एकट्याने सुरुवात करा असं मी स्वतःच सांगते. दोन्ही बरोबरीने चालू ठेवणारेही बरेच आहेत.

गटात भांडण झालं तर?

होतं. व्हायलाही हवं.

मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी १९६५ मध्ये गटांच्या वाटचालीचे चार टप्पे सांगितले: जमणं, खटके उडणं, घडी बसणं आणि मग खरं काम. निरोपाचा पाचवा टप्पा १९७७ मध्ये जोडला गेला. खटके वगळून थेट घडी बसलेला गट मला अजून भेटायचा आहे. सगळं गोडीगुलाबीने चाललेलं असतं तेव्हा मी जास्त सावध असते, कारण बहुतेक वेळा कुणीतरी काहीतरी गिळत असतं.

आपल्यातल्या पुष्कळांना भांडणाचे दोनच शेवट माहीत असतात. एक तर शब्दाने शब्द वाढून आरडाओरडा होतो आणि अबोला धरला जातो. नाहीतर काही झालंच नाही असं दाखवून घोंगडं भिजत ठेवलं जातं. भांडण झालं, दोघांनीही आपलं म्हणणं मांडलं, कुणी उठून गेलं नाही आणि नंतर जवळीक वाढली, असा अनुभव कित्येकांनी आयुष्यात एकदाही घेतलेला नसतो. गटात तो मिळतो. नात्यात वाढ होणं म्हणजे काय, असं मला कुणी एका दमात विचारलं तर मी याच अनुभवाकडे बोट दाखवेन. एकदा तो घेतला की घरी 'मला तुझा राग आलाय' हे वाक्य दार न आपटता म्हणता येऊ लागतं.

पण इथेही मर्यादा असतात. शिवीगाळ, धमकी, अंगावर जाणं चालत नाही. बोलताना समोरच्यावर शिक्का मारायचा नाही, काय पाहिलं आणि त्याने आपल्याला काय झालं ते सांगायचं. 'तू स्वार्थी आहेस' यावर फक्त वाद होऊ शकतो. 'मी बोलत असताना तू दोनदा घड्याळ पाहिलंस, तेव्हा मी तुला नकोशी झालेय असं वाटलं' यावर बोलता येतं. कदाचित त्याला खरंच वेळेत पोचायचं असेल. कदाचित तो खरंच कंटाळला असेल. दोन्ही उत्तरं ऐकायची तयारी लागते, आणि ती यायला वेळ लागतो.

गटामुळे कुणाचं नुकसान होऊ शकतं का?

होऊ शकतं, आणि हे लपवणं बरं नव्हे. १९६० च्या दशकात अमेरिकेत 'एन्काउंटर ग्रुप'चं, म्हणजे भावना उघडपणे मांडायला आणि एकमेकांना थेट सामोरं जायला लावणाऱ्या गटांचं, पेव फुटलं होतं. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या दोनशेहून अधिक विद्यार्थ्यांना अशा वेगवेगळ्या गटांत बसवून लिबरमन, यालोम आणि माइल्स यांनी पाहणी केली. १९७३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. बऱ्याच जणांना फायदा झाला होता, पण काहींना टिकून राहणारी इजाही झाली होती. सर्वांत जास्त इजा झालेले गट कुणाचे, तर ज्यांचे प्रमुख आक्रमक आणि भारून टाकणारे होते, लोकांना मन उघडं करायला भाग पाडत होते. प्रेमाने वागणारे आणि घडलेल्याचा अर्थ समजावून सांगणारे प्रमुख सर्वांत उजवे ठरले. तेव्हा 'इथे माणसाला तोडून पुन्हा घडवलं जातं' अशी भाषा कुठे ऐकलीत तर त्या दारात पाऊल टाकू नका.

माझं बोलणं बाहेर गेलं तर?

थेरपिस्ट व्यवसायाच्या नियमांनी बांधलेली असते. सदस्य एकमेकांना दिलेल्या शब्दाने बांधलेले असतात, आणि बहुतेक गटांत तो शब्द लेखी घेतात. शंभर टक्के हमी कुणीच देऊ शकत नाही, पण प्रत्येकाचं काहीतरी प्रत्येकाकडे ठेवलेलं असतं, म्हणून लोक सहसा फार जपतात. घरी आपल्याबद्दल हवं ते सांगा, दुसऱ्याबद्दल नाव न घेताही नको. कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा मुलांवर अत्याचार होत असेल, तर मात्र थेरपिस्टला गप्प बसता येत नाही. हे पहिल्याच भेटीत सांगितलं जायला हवं.

थेरपिस्ट इतकी गप्प का असते? निदान सल्ला तरी द्यावा.

तिने सल्ला दिला की सगळे तिच्याकडे तोंड करून बसतात आणि एकमेकांशी बोलणं थांबतं. ब्रिटिश मनोविश्लेषक विल्फ्रेड बिऑन यांनी गटांची ही ओढ फार पूर्वी टिपली होती: कुणीतरी सर्वज्ञ आपल्याला सोडवेल, अशी वाट बघत बसण्याची. सदस्यही सुरुवातीला एकमेकांवर सल्ल्यांचा वर्षाव करतात. त्याचा उपयोग थोडाच, पण त्यामागचं 'मला तुझी काळजी वाटते' हे पोचतं, म्हणून मी तो लगेच अडवत नाही.

गटातल्या कुणाशी बाहेर मैत्री केली तर चालेल का?

गट चालू असेपर्यंत नको. दोघांचं बाहेर गूळपीठ जमलं की गटात ते एकमेकांची बाजू राखू लागतात, आणि जे बोलायचं ते आधीच बाहेर बोलून झालेलं असतं. चुकून भेट झालीच तर पुढच्या सत्रात सांगून टाकायची. भेटणं एक वेळ निभावून जातं, लपवलेली भेट गटाला पोखरते.

जोडीदाराला सोबत आणू का?

या गटात नाही. जोडप्यांचे गट वेगळे असतात. इथे जोडीदार समोर असेल तर तुम्ही अर्धंच बोलाल.

कुणी गटात येऊ नये?

आत्महत्येचे विचार तीव्र असतील, भास होत असतील, नशेत राहणं चालू असेल तर आधी त्यावर उपचार हवेत, आणि ते तातडीने हवेत. घरच्यांनी ढकलून पाठवलेल्यांनाही मी घाई करत नाही. ही दारं कायमची बंद नसतात.

ऑनलाइन चालतं का?

चालतं. खोलीचं दार बंद हवं, इयरफोन हवा, कॅमेरा चालू हवा. पाय हलवणं, मुठी आवळणं असं पडद्यावर न दिसणारं बरंच हातचं जातं, त्यामुळे पर्याय असेल तर मी प्रत्यक्ष भेटीकडे झुकते.

किती दिवस लागतील?

कौशल्यं शिकवणारे गट बहुधा दोन ते चार महिन्यांत संपतात. नात्यांवर काम करणाऱ्या गटाला जास्त वेळ द्यावा लागतो, अनेक जण वर्षभर किंवा त्याहून अधिक राहतात. मी सुरुवातीला बारा सत्रांचा शब्द मागते. त्याआधी सोडणाऱ्यांना गट आवडला नाही असं वाटतं, पण खरं तर तो त्यांना अजून भेटलेलाच नसतो.

मध्येच सोडावंसं वाटलं तर?

फोनवर किंवा मेसेजवर नको, गटात येऊन सांगा. सोडावंसं वाटणं हीसुद्धा बहुतेक वेळा तुमच्या ओळखीचीच जागा असते: कुणीतरी दुखावलं, कुणी फार जवळ आलं, आणि पूर्वी जिथून पाय काढला होता तिथेच पुन्हा पोचलात. ते बोललात तर कदाचित राहाल, कदाचित जाल. जाणार असाल तर निदान दोन-तीन सत्रं आधी कळवा, म्हणजे प्रत्येकाला तुमच्याशी जे बोलायचं राहिलंय ते बोलता येईल, आणि तुम्हालाही. शेवटच्या दिवशी लोक पाया पडल्यासारखे घाईघाईने आभार मानून उठायला बघतात. मी त्यांना पुन्हा बसवते. अजून वीस मिनिटं असतात, आणि एकेकाकडे बघून निरोप घ्यायला तेवढी लागतात.